बाई तपासतायत

४ फेब्रुवारी

आणि वर दादा म्हणतो, तुला काय कळतं! सातवी नापास माणसाने औषधपाण्यात तोंड घालू नये म्हणे. मग पैसे मागताना बरी सातवी आठवत नाही? महिना लागला की फोन ठरलेला, "काय रे, जमलं का काही?" तेव्हा मी शहाणा, कर्ता, घराचा आधार. फोनवर भांडायला जावं तर मागे आई रडायला लागते. म्हणून जे बोलायचं ते इथे लिहून मोकळा होतो. इथे कुणी रडत नाही.

भांडण धाकट्या बहिणीवरून. तिच्या किडनीचं दुखणं जुनं झालं आता. अंगातलं सत्त्व लघवीवाटे जातं, असं तिकडचे डॉक्टर म्हणतात. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, त्याने जीव सांभाळला जातो पण चेहरा फुग्यासारखा फुगलाय. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. मालकाने तिला मागे गोदामात घड्या घालायला बसवलं. गिऱ्हाईक दचकतं म्हणाला. एकोणीस वर्षांच्या पोरीला हे तोंडावर सांगायचं, म्हणजे त्या मालकाच्या तोंडाला काय झालंय ते बघायला हवं.

आता दादाला किडनीवाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून काहीतरी आलंय. सांधेदुखीवरची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती घेतली की स्टेरॉईड सोडून देता येतं, असं कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांनी शोधून काढलंय. सोबत एक चित्र. दोन रेघा, एक वर चढत जाते, एक खाली, सुसरीने आ वासावा तशा. खाली सगळं इंग्रजी. मी एवढंच म्हणालो की माझ्या बाई किडनीच्याच डॉक्टर आहेत, त्यांना विचारतो, घाई करू नका. तर म्हणे तुला काय कळतं.

६ फेब्रुवारी

बाईंना विचारलं. बाई म्हणजे मी ज्यांच्याकडे काम करतो त्या. इस्पितळात मोठ्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. गुडघे गेलेत, डोळे अधू झालेत, जीभ तेवढी शाबूत आहे. मी स्वयंपाक करतो, सामान आणतो, जिन्यात हात धरतो आणि बोलणी खातो. याआधी गोदामातून पळालो, पेट्रोल पंपावरून पळालो, बोटीवरच्या स्वयंपाकघरातून तर पगार न घेता पळालो. इथे टिकलोय याचं मलाच नवल वाटतं.

बाईंनी मोबाइल डोळ्याला चिकटवून चित्र पाहिलं. म्हणाल्या, "हं. वाचलाय मी. हा कच्चा लेख आहे."

"कच्चा म्हणजे?"

"ज्यांनी काम केलं त्यांनीच उचलून नेटवर ठेवलाय. अजून कुणी तपासलेला नाही."

"तपासतं कोण? इन्स्पेक्टर?"

"आमच्यासारखीच माणसं. जर्नल असतं, म्हणजे डॉक्टर लोकांचं मासिक. ते अशा लेखाचा कागद त्या विषयातल्या दोघातिघांकडे पाठवतात. ती म्हणाली बरोबर आहे, तर छापतात. नाहीतर परत."

"मग कच्चंच लोकांपुढे का वाढायचं?"

बाई हसल्या. "घाई असते रे. कधी खरंच लवकर कळल्याने माणसं वाचतात. कधी नुसतीच मिरवायची घाई. कच्चं आहे एवढं कळून खाल्लं तर चालतं. लोक पक्कं समजून खातात."

मग स्पष्ट म्हणाल्या, "भावाला सांग, थांबा. आणि स्टेरॉईड आपल्या मनाने बंद करायचं नाही. ते एकदम सोडलं की माणूस आडवा होतो."

दादाला सांगितलं. तो म्हणतो, "तुझी बाई म्हातारी झाली. ग्रुपमध्ये लोकांना गुण येतोय आणि ही अजून थांबा म्हणतेय. या मोठ्या डॉक्टरांना गरिबाची स्वस्त गोळी बघवतच नाही." तो बोलला आणि मला पटल्यासारखंही झालं. पण बाईंचं मीठ खातो, म्हणून गप्प बसलो.

११ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. "भटक्या, आहेस का पळालास?" मला भटक्याच म्हणते.

"आहे. तू काय करतेस?"

"घड्या घालतेय. माणसांना घडी घालता आली असती तर पहिली मालकाची घातली असती."

मग हळूच म्हणाली, "ती गोळी मला दे म्हणावं दादाला. मी आरशावर टॉवेल टाकून केस विंचरते रे."

मी म्हणालो बाई नको म्हणतात. ती म्हणाली, "बाईंचा चेहरा त्यांच्या जागेवर आहे ना, मग झालं."

१५ फेब्रुवारी

बाईंकडे असले तपासायचे लेख येतात, ते मला आजवर माहीत नव्हतं. मी छापून आणतो ती मला वाटायचं जुन्या पेशंटची पत्रं असतील. आज एक नवीन आला. बाईंना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात कागदावर काढून आणायचा. त्याचे नियमच नियम. काम संपेपर्यंत दुकानातच उभं राहायचं. एकही पान मागे ठेवायचं नाही. शाई फासलेलं, वाकडं आलेलं पानसुद्धा घरी आणायचं. दुकानदाराच्या मशीनमधून फाइल पुसून घ्यायची.

छपाईच्या दुकानातला चष्मिस म्हणाला, "काय रे, नोटा छापतोस काय?"

मी म्हणालो, "नोटा असत्या तर तुझ्याकडे आणल्या असत्या होय?"

बंडल बगलेत मारून आलो. बाईंना विचारलं, हे तपासायचे किती मिळतात? म्हणाल्या, काही नाही. मी म्हणालो, "फुकट?" म्हणाल्या, "फुकट. आणि कुणाला सांगायचंही नाही. लेख कुणाचा, कशावर, मी काय म्हणाले, काही नाही. चाळीस वर्षं करतेय. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही." ही गोष्ट त्यांनी मान ताठ करून सांगितली, जसं कुणी सांगतं की माझा दागिना अजून मोडला नाही.

फुकट राबायचं आणि वर मिरवायचंही नाही. शिकून शिकून माणूस असा होत असेल तर मी सातवीत सुटलो तेच बरं.

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही, एवढा आनंद झालाय.

चहा घेऊन आत गेलो. टेबलावर पानं पसरलेली, बाई जाड भिंगातून बघत होत्या. आणि समोर तेच चित्र! त्याच दोन रेघा, तोच सुसरीचा आ. फक्त मोठा. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून काय झालं, चित्र कुणालाही ओळखू येतं. चित्रावर पेन्सिलीने गोल गोल केलेले, बाजूला बारीक काहीबाही लिहिलेलं.

मी म्हणालो, "बाई! हे तर माझ्या मोबाइलवर आहे. धाकटीची गोळी!"

बाईंनी पान असं ओढलं की चहा सांडला. एरवी चहा सांडला तर माझा उद्धार होतो. आज चहाकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे तू पाहिलं नाहीस."

"पण बाई, तोच लेख ना? तुमच्याकडे आला तपासायला?"

"मला त्यावर बोलता येणार नाही."

"पण गोळी चांगली की वाईट, एवढंच..."

"सांगितलं ना, बोलता येणार नाही. परवा म्हणाले ते म्हणाले. आता एक शब्द नाही. जा, फडकं आण."

फडकं आणायला गेलो आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. दहा-बारा दिवसांपूर्वी ह्याच बाई धडधडीत नको म्हणत होत्या. आज नको म्हणत नाहीत. विचारलं तरी नाही म्हणत नाहीत. न बोलणं म्हणजेच होकार, हे तर अडाण्यालाही ठाऊक असतं. नाहीतर वाईट गोष्टीला वाईट म्हणायला बाईंची जीभ कधी अडली? मीठ जास्त पडलं तर तीन दिवस ऐकवतात.

बाजारात जाऊन दादाला फोन केला. म्हणालो, "तो लेख आता नुसता नेटवर नाही. जर्नलकडे गेलाय आणि माझ्या बाई तपासतायत. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." दादा म्हणाला, "शाब्बास रे! म्हणजे वरपर्यंत पोचलं." मागे ओरडून आईला सांगितलं, अगं हा म्हणतो त्याच्या बाईच तपासतायत. आईचा आवाज ऐकला, देव पावला म्हणाली.

दादाच्या तोंडून शाब्बास मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. परत येताना बाईंनी न सांगितलेली केळी घेतली, उगाच.

१९ फेब्रुवारी

गोळी सुरू. ग्रुपमध्ये म्हणतात दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही, नवी सुरू केली की जुनी बंद. दादाने जुनी बंद केली. मी विचारलं तिकडच्या डॉक्टरांना दाखवलं का? म्हणाला, "तुझी बाई आहे ना, मग त्यांना कशाला फी?"

बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी

भाजी चिरत होतो. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, गुडघे दुखत असताना. सरळ विचारलं, "धाकटी जुन्या गोळ्या घेतेय ना? स्टेरॉईड?"

हो म्हणालो.

नाही म्हटलं असतं तर तासभर व्याख्यान झालं असतं. दादाने केलं ते केलं, बाईंची कटकट मी का ऐकू? आणि स्वतः तर बोलायचं नाही म्हणतात, मग विचारायचं कशाला?

हो म्हटल्यावर बाईंनी भिंतीला हात टेकला, म्हणाल्या, "बरं केलंस. तेवढं सोडू देऊ नको." आज जेवल्याही नीट.

३ मार्च

धाकटीने फोटो पाठवला. चेहऱ्याची सूज उतरली! हनुवटी दिसते! मालकाने पुन्हा काउंटरवर उभं केलं. पहिल्याच दिवशी तीन साड्या विकल्या, दादाने मिठाई वाटली. फोटोखाली तिने लिहिलंय, "भटक्या, बघ, मीच आहे."

मला राहवेना. बाईंना दाखवला. त्यांनी भिंग घेतलं, मोबाइल खिडकीपाशी नेला, कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं म्हणतील छान दिसते पोरगी. म्हणाल्या, "सूज फार लवकर उतरली."

"गुण आला बाई."

"जुन्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांग."

मी बघितलं आणि हो म्हणालो. त्यांनी मोबाइल परत दिला.

संध्याकाळी दार लावून फोनवर बोलत होत्या, बराच वेळ. पाणी द्यायला गेलो तेव्हा एवढंच ऐकू आलं, "एका घरापुरतं तरी मला सांगू द्या." पलीकडच्याने काय म्हटलं कोण जाणे. बाई म्हणाल्या, "बरं. निर्णय होईपर्यंत." आणि फोन ठेवून तशाच बसल्या.

घर विकायचं चाललंय की काय? तसं असेल तर मला आधी सांगायला हवं. म्हातारीच्या पोटात काय चाललंय ते ओठावर येत नाही. दुसरीकडे काम बघून ठेवायला हवं. शीतगृहात माणसं हवीत असं चष्मिस सांगत होता.

९ मार्च

बंडलाचं काम संपलं. बाईंनी सगळी पानं कागद फाडायच्या मशीनमध्ये घालायला सांगितली, स्वतः खुर्ची ओढून समोर बसल्या. ते चित्र आलं तेव्हा मी जरा थांबलो. एवढं चांगलं चित्र फाडवेना.

"बाई, झाला का मग पास?"

"घाल आत," म्हणाल्या.

घातलं. शेवया पडाव्या तशी सुसर बाहेर पडली.

१८ मार्च

धाकटीचे पाय सुजलेत. दादा म्हणतो काउंटरवर दिवसभर उभी असते म्हणून.

२० मार्च

सकाळी दादाचा फोन. आवाज ओळखू येईना. धाकटीला पहाटे श्वास लागला, आडवं झोपता येईना, अंगभर सूज. इस्पितळात नेलं. किडन्या बंद पडल्यात, रक्त मशीनने साफ करतायत. डॉक्टरांनी विचारलं स्टेरॉईड कुणी बंद केलं? दादा म्हणाला, "मी काय सांगू आता, बोल!"

मी तसाच बाईंच्या खोलीत गेलो. सांगितलं. बाईंचा चेहरा कागदासारखा झाला.

"पण ती जुन्या गोळ्या घेत होती ना?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"नवी सुरू केली त्या दिवसापासून."

बाई खुर्चीत बसल्या नाहीत, पडल्या. मग बोलायला लागल्या. एवढे दिवस जी जीभ टाळूला चिकटली होती ती सुटली. म्हणाल्या, तो लेख खोटा नाही पण चुकीचा आहे. नव्या गोळीवर ज्यांची तब्येत बिघडली, त्यांना मधेच बाजूला काढलं आणि उरलेल्यांचीच मोजणी केली. म्हणून ती रेघ वर चढत जाते.

मी म्हणालो, "म्हणजे नापास होतील त्यांची नावं आधीच कापायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

बाईंनी भिंग उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"बाई, कधी कळलं?"

"तू चहा घेऊन आलास, त्या दिवशी."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्या दिवशी? मी ज्या दिवशी बाजारात जाऊन शाब्बास घेऊन आलो, त्या दिवशी? त्यानंतर मी रोज यांना चहा दिला, हात धरून जिना उतरवला, धाकटीचा फोटो दाखवला. आणि ह्या मूग गिळून बसल्या! ताकास तूर लागू दिली नाही!

म्हणाल्या, "नियम आहे. लेख माझ्याकडे विश्वासाने आलेला असतो. मी त्यांना त्याच आठवड्यात कळवलं, छापू नका; सविस्तर मत नंतर लिहून पाठवलं. मला वाटलं मी लवकर पाहिलं तर लवकर थांबेल. खरं तर तू चित्र ओळखलंस त्याच क्षणी मी तो परत पाठवायला हवा होता आणि तुला सगळं सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलं?"

"मी तुला विचारलं. दोनदा विचारलं. तू हो म्हणालास."

हो म्हणालो होतो. पण का विचारता ते सांगितलं असतंत तर मी खरं बोललो असतो! न सांगता विचारायचं आणि मग विचारलं होतं म्हणायचं. हा कुठला न्याय? नियमाचा विश्वास मोठा आणि ज्याच्या हातचं रोज खाता त्याचा विश्वास काही नाही? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापला तोही असा, की त्यांच्या हाताला काही लागलंच नाही.

आज स्वयंपाक केला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

२१ मार्च

सामान बांधलं. शीतगृहाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथला मुकादम म्हणाला पहिला पगार दोन महिन्यांनी. परत आलो. बाई स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या, अर्धं उतू गेलेलं. मी गॅस बंद केला.

२३ मार्च

दादाचा फोन. आता सगळं माझ्यावर. "तूच म्हणालास बाई तपासतायत!"

"तपासतायत म्हणालो. चांगली आहे म्हणालो का?"

"मग कशाला सांगितलंस? तपासतायत म्हणजे काय समजायचं माणसाने?"

"ग्रुप कुणाचा होता? जुनी कुणी बंद केली? फी कुणाची वाचवली?"

"सातवी नापासाचं ऐकलं, हीच माझी चूक."

शाब्बासकीची मुदत एवढीच होती. घरातलाच माणूस असा उलटला तर बाहेरच्या म्हातारीला काय बोलायचं? पण बोलणार. तिला जास्त बोलणार. दादाला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

२५ मार्च

बाईंनी सांगितलं, जर्नलने लेख नाकारला. आता त्या नेटवर त्याच लेखाच्या खाली आपल्या नावानिशी लिहिणार आहेत की मोजणी चुकीची आहे, ही गोळी घेऊन स्टेरॉईड सोडू नका. मी म्हणालो, "वरातीमागून घोडं." त्यांनी मान डोलावली आणि लिहायला बसल्या.

मी मोबाइलवर बघितलं. नाकारला म्हणजे काढून टाकला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. लेख तिथेच आहे. सुसर आ वासून तिथेच बसलीय. नाकारलं ते आत, चार माणसांत, आणि जे दाखवलं ते चव्हाट्यावर. म्हणजे अजून कुणाच्या तरी घरी कुणीतरी जुनी बंद करतच असेल.

२७ मार्च

दादाने पाठवलेल्या लिंकवरून मी त्या ग्रुपमध्ये शिरलो होतो मागेच. आज तिथे बाईंचं लिहिलेलं कुणीतरी टाकलं. खाली काय काय शिव्या. कंपनीची दलाल, गरिबांची वैरीण, हिला बघवत नाही. एकाने तर बाईंचा जुना फोटो शोधून त्याला शिंगं काढली.

मला बरं वाटायला हवं होतं. मी स्वतः मनात याहून वाईट बोललोय. पण शिंगं बघून डोकं सटकलं. मी लिहिलं, "बाई खरं लिहितात. माझी बहीण ही गोळी घेऊन जुनी बंद करून इस्पितळात पडलीय. मशीनवर आहे."

ग्रुपमधल्याच एका बाईने विचारलं, कुठल्या दिवसापासून सूज आली? तिच्या मुलाचीही पावलं सुजलीत म्हणाली. मी उत्तर लिहायला लागलो, अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो. लिहून होईपर्यंत ग्रुप चालवणाऱ्याने मला बाहेर काढलं होतं. त्या बाईचा नंबरही गेला.

बाईंना जाऊन सांगितलं. का ते मला माहीत नाही. बाकी सांगायला इथे कोण आहे? त्या म्हणाल्या, "तिने तुझं वाचलं असेल." मग म्हणाल्या, "वाचलं असू दे."

२८ मार्च

धाकटी आज पहिल्यांदा फोनवर बोलली. आवाज विहिरीतून आल्यासारखा. हातात सुया, मानेत नळी. जुनी गोळी पुन्हा सुरू, चेहरा पुन्हा फुगायला लागलाय म्हणाली. किडन्या परत चालू होतील की नाही, डॉक्टर थोडं थांबून सांगणार. तोपर्यंत मशीन.

मी बाईंना शिव्या घातल्या. चांगल्या तोंडभरून. धाकटीने ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "पुरे रे. मला तोंड हवं होतं, तुला शाब्बासकी हवी होती. म्हातारीला एकटीला कशाला धोपटतोस?"

आजाराने हिचं डोकं ठिकाणावर नाही. माझा काय संबंध? मी तर चांगल्यासाठीच फोन केला होता.

म्हणाली, "तू येऊ नकोस. आलास तर पैसे थांबतील." आणि मग म्हणाली, "भटक्या, तीन साड्या विकल्या होत्या मी त्या दिवशी. निळ्या साडीच्या गिऱ्हाइकाने तर किंमतसुद्धा पाडून मागितली नाही." एवढं बोलून तिला धाप लागली आणि नर्सने फोन काढून घेतला.

३० मार्च

दुसऱ्या कुठल्या जर्नलकडून बाईंना नवीन लेख आला. बाईंनी विचारलं, प्रिंट काढून आणशील का?

मी म्हणालो, "यात कुणाची बहीण आहे?"

बाईंनी मान वर केली. मी म्हणालो, "नाही, आधी विचारून घेतो. पुन्हा मी दारात चहा घेऊन येईन आणि तुम्ही म्हणाल पाहिलं नाहीस."

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही कुणाची आहे. कुणाची तरी असतेच."

"मग परत पाठवा."

"परत पाठवला तर दुसरा कुणी तपासेल. नीट तपासेल की नाही, माहीत नाही."

मी फाइल घेतली नाही. बाई स्वतः भिंतीला धरत निघाल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा गुडघा अडला तो अडलाच, ना वर ना खाली. मी वरून बघत उभा होतो. हाक मारतील असं वाटलं. नाही मारली. शेवटी मीच खाली गेलो, हात धरून वर आणलं, फाइल घेतली आणि गेलो. चष्मिस म्हणाला, आज पुन्हा नोटा का? सगळी पानं मोजून आणली. वाकडी आलेलीसुद्धा.

टेबलावर बंडल आपटलं आणि म्हणालो, "यात काही असलं आणि कुणी तुमच्या दारात येऊन विचारलं, तर?"

बाई म्हणाल्या, "सांगेन."

विश्वास बसला का? नाही. पूर्वी त्यांनी पाऊस म्हटलं की मी खिडकी न बघता छत्री घ्यायचो. आता बघतो.

२ एप्रिल

पगार झाला. पगाराच्या पाकिटाखाली आणखी एक पाकीट होतं, जाड. मी ते परत सरकवलं. बाईंनी पुन्हा पुढे सरकवलं.

"हे कशाचे?"

"मशीनचे."

"भरपाई?"

"भरपाई नाही होत. मशीनचे."

मनात आलं, फेकावं तोंडावर आणि म्हणावं, तुमच्या नियमात बसतं का बघा. गेल्या वर्षीचा मी असतो तर फेकलं असतं आणि संध्याकाळपर्यंत तिसऱ्या गावी पोचलो असतो. पण फेकलेल्या पाकिटाने रक्त साफ होत नाही. दादाने काल सांगितलं, इस्पितळ आगाऊ मागतंय, नाहीतर मशीन दुसऱ्याला देतील. पाकीट उचललं. आभार मानले नाहीत. त्यांनीही वाट पाहिली नाही.

दारापाशी गेल्यावर म्हणाल्या, "जाणार आहेस का सोडून?"

"बिल संपेपर्यंत नाही."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

दादाला फोन केला. म्हणाला, एवढे कुठून आले? मी म्हणालो, साठवले होते. तो म्हणाला, तू आणि साठवणार? मी म्हणालो, धाकटीला दे, तुझी चौकशी नंतर. बाईंचं नाव त्याला कळू दिलं नाही. कळलं तर तो घेणार नाही, किंवा घेईल आणि वर शिव्या देईल. त्या द्यायच्या तर मी देईन, त्याने नाही.

पगारातले माझ्या खर्चाला थोडे मागे ठेवले. बाकी सगळे, पाकिटातले धरून, आज पाठवतोय : सेहेचाळीस हजार.